वाकून करायचे काम आणि आपली समीक्षा

दलित साहित्याच्या समीक्षेत 'वाकणे' या क्रियापदाला आजवर एकच अर्थ देण्यात आला आहे. वाकणे म्हणजे जोहार, लाचारी, शतकानुशतकांची गुलामी; आणि ताठ उभे राहणे म्हणजे विद्रोह. पाठीचा कणा ही आपल्या कवितेची जणू अधिकृत प्रतिमा होऊन बसली आहे. हा अर्थ खोटा आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या आजोबांना गावच्या चावडीपुढे खरोखरच वाकावे लागले त्यांनी ही प्रतिमा निर्माण केली आहे आणि ती रक्ताने मोल देऊन मिळवलेली आहे. परंतु दुसरेही एक वाकणे आहे. छत ठेंगणे आहे, भोक अरुंद आहे, आत उभे राहायला जागाच नाही, म्हणून माणूस वाकतो, रांगतो, कुशीवर होतो आणि त्याच अवस्थेत आठ-आठ तास काम करतो. हे वाकणे कोणापुढे नसते. ते कामासाठी असते, त्याला एक रीत असते, आणि ती रीत चुकली तर माणूस मरतो. या वाकण्याकडे आपल्या समीक्षेने पाहिलेलेच नाही. पाहिले तेव्हाही तिला त्यात पहिलेच वाकणे दिसले.

मला वाटते, हा केवळ एका प्रतिमेचा प्रश्न नाही. ज्याला आपण श्रमाचे साहित्य म्हणतो त्यात श्रम किती आहे, हा प्रश्न आहे.

अण्णाभाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा घेऊ. महाविद्यालयांतून ती वर्षानुवर्षे शिकवली जाते, मीही शिकवतो. दारिद्र्य माणसाला कोणत्या थराला नेते याचे भीषण चित्र, मृत्यूवर जगणाऱ्या माणसाची शोकांतिका, अशी उत्तरे विद्यार्थी लिहितात आणि त्यांना गुण मिळतात. आता हीच कथा कामाची कथा म्हणून वाचून पाहा. भीमा हा वारणेकाठचा गडी मुंबईला येतो, उपनगरातल्या खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. मग तो स्मशानातली राख चाळून आणि पुरलेली प्रेते उकरून सोने काढू लागतो. रात्रीच्या अंधारात, उकरलेल्या खड्ड्यात, एकट्याने, कोल्ह्यांशी झुंजत हे काम चालते. एके रात्री लोखंडाच्या आधाराने प्रेताचा जबडा उघडा ठेवून तो आत बोटे घालतो, आधार निघतो आणि बोटे दातांत सापडतात. रागाने तो प्रेताच्या डोक्यावर घाव घालतो तसतशी बोटे अधिकच रुततात. अखेर बोटे कापावी लागतात, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

कारखान्याच्या दप्तरात या घटनेला काय म्हटले असते? कामावरील अपघात. अवजार निसटले, उजेड नव्हता, जागा अडचणीची होती, जोडीदार नव्हता आणि घाईत माणसाने चुकीच्या दिशेने जोर लावला. अण्णाभाऊंनी हे सारे बारकाव्याने लिहून ठेवले आहे, कारण ते स्वतः मजूर होते आणि हात कसा सापडतो हे त्यांना ठाऊक होते. कथेची भीषणता प्रेतामुळे आहे असे आपण समजतो. मला ती आधार निसटण्याच्या त्या क्षणात दिसते. पण आमच्या प्रश्नपत्रिकेत त्या निसटलेल्या लोखंडावर प्रश्न येत नाही. दैवगती, भूक, नियती यांवर येतो.

ठेंगण्या जागेतल्या कामाचे वर्णन कसे करावे याचा एक नमुना इंग्रजीत आहे. जॉर्ज ऑर्वेलने १९३७ मध्ये 'द रोड टू विगन पियर' हे पुस्तक प्रसिद्ध केले. उत्तर इंग्लंडच्या कोळसा खाणीत तो उतरला होता. हा माणूस सहा फुटांहून उंच. खाणीतली वाट कुठे चार फूट, कुठे त्याहून कमी. पुस्तकात दया जवळजवळ नाही, मोजमाप आहे. पाळ्यातून उतरल्यावर प्रत्यक्ष कोळशाच्या थरापर्यंत किती अंतर वाकून जावे लागते, वाकून चालताना मान वर ठेवावी लागते म्हणून मांड्यांबरोबर मानही कशी अवघडते, लाकडी तुळयांना पाठीचे मणके घासून कामगारांच्या कण्यावर खपल्यांची ओळ कशी उठते, गुडघ्यांवर बसून फावडे मारताना पायांचा जोर मिळत नाही म्हणून सगळा भार दंडावर आणि पोटावर कसा येतो, हे तो सांगतो. आणि मग एक गोष्ट तो सांगतो जी मला सर्वांत मोलाची वाटते: हे वाकून जाणे-येणे कामाच्या वेळेत धरले जात नसे. म्हणजे मजुरी कोळसा फोडण्याची, वाकण्याची नाही.

ऑर्वेल मध्यमवर्गीय होता, पाहुणा होता, हे आपले टीकाकार लगेच म्हणतील. म्हणोत. पाहुणा असूनही त्याला त्या जागेची उंची मोजावीशी वाटली. आपण घरचे असून आपल्याला वाटली नाही.

इथे खाणीचा थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. तो दूरचा वाटेल, पण आपल्या गटारापर्यंत तोच आणून सोडतो. १८१२ मध्ये इंग्लंडमधील फेलिंगच्या खाणीत स्फोट होऊन ९२ माणसे व मुले मेली. त्यानंतर १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीने जाळीचा दिवा तयार केला. या दिव्याची ज्योत वाढली की स्फोटक वायू आहे, मंदावली की प्राणवायू कमी आहे, असे कामगाराला कळे. पुढे हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून खाणीत कॅनरी हा छोटा पक्षी नेऊ लागले. विषारी वायूने हा पक्षी माणसाच्या आधी कोसळतो. तो कोसळला की माणसांनी पळायचे. ब्रिटनच्या खाणींत ही पद्धत १९८६ पर्यंत होती. गुडघ्यांवर बसून काम केल्याने गुडघ्याला येणारी सूज विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच तिथे नुकसानभरपाईस पात्र असा धंदेवाईक आजार ठरली. खाणमालक दयाळू झाले म्हणून यातले काही घडले नाही. संघटना लढल्या, माणसे मेली, चौकशा बसल्या. परंतु एक गोष्ट मालकालाही मान्य करावी लागली: खाणीत काम करणे ही विद्या आहे आणि ती येणारा माणूस मेला तर दुसरा सहज मिळत नाही.

बाबासाहेबांना हे पुरते ठाऊक होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे असताना, डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या कोळसा भागात गेले आणि स्वतः खाणीत उतरले. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. आपल्या सभांतून बाबासाहेबांच्या सुटाबुटाचे वर्णन पुष्कळ होते; जमिनीखाली उतरलेल्या बाबासाहेबांचे चित्र मात्र मी कोणाच्या घराच्या भिंतीवर पाहिलेले नाही.

आता गटाराकडे येऊ. १९३५ मध्ये मुल्कराज आनंद यांची 'अनटचेबल' ही कादंबरी आली. बखा या भंगी पोराचा एक दिवस तीत आहे. शेवटी त्याच्यापुढे तीन वाटा येतात: ख्रिस्ती मिशनरी, गांधीजी, आणि एका कवीच्या तोंडून आलेले यंत्र, म्हणजे फ्लशचा संडास. यंत्र आले की मैला हाताने उचलावा लागणार नाही, आणि मैला उचलावा लागला नाही की भंगी हा भंगी राहणार नाही. त्या काळी ही आशा प्रामाणिक होती. पण साखळी ओढल्यावर मैला जातो कुठे, हा प्रश्न कादंबरी विचारत नाही. तो जमिनीखाली जातो. तिथे नळ तुंबतो, आणि तुंबलेल्या नळात उतरायला ज्याच्या डोक्यावरची पाटी उतरवली होती तोच माणूस बोलावला जातो. पूर्वी तो लोकांना दिसत होता. फ्लशने त्याला रस्त्याखाली नेले, एवढाच फरक झाला. मुंबई-पुण्याच्या सफाई खात्यांत मेहतर, वाल्मिकी, मेघवाळ, महार यांच्याच पिढ्या कामाला का लागल्या याचे उत्तर यंत्राजवळ नाही. जात ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच बजावले होते.

गटारात उतरण्याचे काम म्हणजे काय, हे मला कळले ते पुस्तकांतून नाही. माझे थोरले चुलते एका नगरपालिकेत गटारकामावर होते. त्यांच्या पगारातून माझी फी भरली गेली, म्हणून मी हे लिहिण्याइतका शिकलो. त्यांच्याशी मी या विषयावर पहिल्यांदा बोललो तो वयाची तिशी उलटल्यावर. त्याआधी घरात कोणी त्या कामाचे नावच काढत नसे. त्यांनी जे सांगितले ते जवळपास त्यांच्याच क्रमाने देतो.

झाकण एक उघडायचे नाही. मागचे आणि पुढचेही उघडायचे आणि तास-दीड तास तसेच ठेवायचे. त्या वेळात तंबाखू खायची, गप्पा मारायच्या, पण मुकादम कितीही ओरडला तरी उतरायचे नाही. आधी वरूनच बांबूच्या कामट्या घालून चोकअप निघते का पाहायचे. उतरायचेच झाले तर अंगाला खोबरेल चोपडायचे. दोर कमरेला बांधायचा नाही, काखेतून छातीवर घ्यायचा, म्हणजे शुद्ध हरपली तरी माणूस उभा वर येतो. कमरेला बांधलेला माणूस मोडून दुमडतो आणि तोंडात अडकतो. वर दोर धरणारा कोण हे उतरणाऱ्याने ठरवायचे, मुकादमाने नाही. आणि त्या माणसाला चहा आणायला पाठवायचे नाही.

खाली गेल्यावरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चेंबरचे तोंड दोन फुटांचे. आत थोडे रुंद, पण हात पसरता येत नाहीत. पाठ भिंतीला टेकवायची, पाय फाकवून रोवायचे, आणि वाकायचे नाही. गाळ पायाने चाचपायचा, घमेले पायाच्या मधे धरायचे, फावड्याचा दांडा आखूड घ्यायचा, पण डोके खाली न्यायचे नाही. 'वाकला तो गेला,' असे ते म्हणाले. मी कारण विचारले. म्हणाले, 'गॅस तळाला बसतो. आणि गाळ ढवळला की सुटतो. पहिल्यांदा अंड्यासारखा घाण वास येतो, तोवर बरं. वास एकदम गेला तर समज आता निघायचं.'

रसायनशास्त्राच्या प्राध्यापक मित्राला मी हे सांगितले तेव्हा तो थक्क झाला. हायड्रोजन सल्फाइड हा वायू हवेपेक्षा किंचित जड असतो, तळाशी साचतो, साचलेला गाळ हलवताच मोठ्या प्रमाणात मोकळा होतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढले की तो घ्राणेंद्रियच बधिर करतो, म्हणून वास थांबणे हे हवा शुद्ध झाल्याचे नव्हे तर मरण जवळ आल्याचे लक्षण. चुलत्यांना त्या वायूचे नाव ठाऊक नव्हते. बाकी सगळे ठाऊक होते. एकच गोष्ट त्यांच्या रीतीत घातक होती, ती म्हणजे कंदील. ते जळता कंदील सोडून हवा पाहत. ज्योत विझली तर प्राणवायू नाही हे बरोबर; पण आत मिथेन असेल तर उघडी ज्योत स्फोट करील. डेव्हीचा जाळीचा दिवा १८१५ पासून जगात आहे. तो माझ्या चुलत्यांच्या नगरपालिकेपर्यंत पोचला नाही.

आणि या पार्श्वभूमीवर चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा २०१४ चा चित्रपट पुन्हा पाहावा. राष्ट्रीय पारितोषिक मिळाले म्हणून त्याच्यावर पुष्कळ लिहिले गेले. न्यायव्यवस्थेची रटाळ क्रूरता, शाहिरी परंपरेची गळचेपी, वीरा साथीदार यांचा विलक्षण अभिनय, संभाजी भगत यांची गाणी, हे सगळे लिहिणाऱ्यांनी बरोबर टिपले. वासुदेव पवार हा गटारकामगार मॅनहोलमध्ये मरून पडलेला सापडतो. नारायण कांबळे या शाहिराने गटारातच मरा असे गाणे म्हटले, ते ऐकून याने आत्महत्या केली, असा सरकार पक्षाचा आरोप. म्हणजे एका कामगाराच्या मृत्यूचे कारण म्हणून कोर्टापुढे एक कविता उभी केली जाते. समीक्षकांना यातला उपरोध आवडला, कारण त्यात कविता आहे. पण चित्रपटाचे मर्म मला मृताच्या बायकोच्या साक्षीत दिसते. ती कोणत्याही भावनेवाचून, विचारतील तेवढेच सांगते. त्याला मास्क, बूट काही मिळत नसे. वास सहन व्हावा म्हणून तो पिऊन उतरे. गॅसने त्याचा एक डोळा गेला होता. आणि उतरण्याआधी तो झुरळ बाहेर येते का पाही. झुरळ आले म्हणजे आत हवा आहे असे समजे.

या झुरळापाशी थांबले पाहिजे. कॅनरी माणसापेक्षा नाजूक; म्हणून ती आधी पडते आणि माणसाला वेळ मिळतो. झुरळ माणसापेक्षा कितीतरी चिवट. ज्या हवेत माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होईल त्या हवेत झुरळ निवांत जगते. म्हणजे इंग्लंडच्या खाणकामगाराला जो प्राणी मिळाला तो इशारा देणारा होता, आणि आमच्या गटारकामगाराने स्वतः जो शोधून काढला तो फसवणारा. यात वासुदेवचा मूर्खपणा नाही. त्याने निरीक्षण केले, अनुमान काढले, त्यावर आयुष्य बेतले. कोणत्याही प्रयोगशाळेत हेच करतात. फरक एवढाच की त्याचे अनुमान तपासून द्यायला कोणी शास्त्रज्ञ त्याच्या शेजारी उभा राहिला नाही. कॅनरीमागे हॉल्डेन होता, झुरळामागे कोणी नव्हते. खाणीतले ज्ञान हे कौशल्य मानले गेले म्हणून त्यात सुधारणा झाली. गटारातले ज्ञान ही जात मानली गेली, आणि जातीत सुधारणा करायची नसते, ती वारशाने द्यायची असते.

दिग्दर्शकाने मॅनहोलचा आतला भाग दाखवलेला नाही. हा संयम मला योग्य वाटतो, कारण दाखवला असता तर प्रेक्षकाने नाक दाबले असते आणि ऐकणे बंद केले असते. त्या साक्षीत गटार 'कामाची जागा' म्हणून प्रथमच मराठीत बोलले जाते. एरवी आपल्याकडे गटार म्हणजे नरक. १९७० नंतरच्या कवितेने हा शब्द प्रस्थापितांच्या तोंडावर फेकला, तो फेकायलाच हवा होता. अरुण ठाकूर आणि महंमद खडस यांनी सफाई कामगारांचे जीवन समाजापुढे मांडले त्या पुस्तकाचे नावच 'नरक सफाईची गोष्ट' आहे, आणि त्या पुस्तकाचे ऋण आपल्यावर मोठे आहे. तरीही मला या शब्दाची धास्ती वाटते. नरकाची लांबी-रुंदी कोणी मोजत नाही. नरकात हवा खेळती ठेवण्याची जबाबदारी कोणा अभियंत्यावर नसते. तिथे जो आहे तो पूर्वकर्माने आहे, असा त्या शब्दाचा आपल्या परंपरेतला अर्थ आहे, आणि आपण तो नकळत उसना घेतो.

आपल्या साहित्याला कामाचे कौशल्य सांगताच येत नाही असे नाही. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये आईच्या बांबूकामाची वीण आणि लेखिकेच्या लेखनाची वीण एकमेकींत गुंफलेली आहे. तिथे काम नुसते दुःखाचे चिन्ह नाही. पण सुपे-टोपल्या विणण्याचे काम उघड्या पडवीत, उजेडात होते. त्यात सौंदर्य शोधणे वाचकाला जड जात नाही. गटारात ते जड जाते आणि जायलाही हवे. मी गटारकामाचे सौंदर्यशास्त्र मागत नाही. मागतो ते वर्णन.

चळवळीतले एक ज्येष्ठ मित्र या ठिकाणी संतापले. 'म्हणजे आपल्या पोरांनी गटारात नीट कसे उतरावे हे तू शिकवणार? बूट आणि मास्क मागितला की गटार मान्य केले. उतरणेच बंद झाले पाहिजे.' आक्षेप गंभीर आहे आणि त्याच्या मुळाशी जो संताप आहे तो माझाही आहे. उतरणे बंद झाले पाहिजे यात वाद नाही. पण बंदीचा इतिहास काय सांगतो? १९९३ मध्ये पहिला कायदा झाला. २०१३ चा कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबरला, होय, महापरिनिर्वाण दिनीच, लागू झाला. त्यात 'धोकादायक सफाई'ची व्याख्या बारकाईने वाचावी: मालकाने संरक्षक साधने न देता आणि खबरदारी न घेता गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे म्हणजे धोकादायक सफाई. म्हणजे साधने देऊन उतरवले तर कायद्याने ती धोकादायक नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये प्रत्येक मृताच्या वारसांना दहा लाख रुपये द्यायला सांगितले, २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. आणि २०२१ मध्ये सरकारने संसदेत उत्तर दिले की हाताने मैला साफ करताना कोणी मेल्याची नोंद नाही. गटारात मेलेल्यांचा रकाना वेगळा आहे. जिथे कागदावर कोणी उतरतच नाही तिथे उतरणाऱ्यासाठी पंखा, दोर, हवेची नळी कोण विकत घेणार? मग ठेकेदार नाक्यावरून पोरगा उचलतो, पाचशे रुपये हातावर ठेवतो, आणि तो मेला की 'स्वतःहून उतरला' असे लिहिले जाते. 'कोर्ट'मधला आत्महत्येचा आरोप हे त्याचेच टोक आहे.

एकामागे एक दोघे-तिघे मेल्याच्या बातम्या आपण वाचतो. पहिला पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, त्याला काढायला तिसरा. वर्तमानपत्रे याला दुर्दैव म्हणतात. वर तिवई आणि चरखी असती, पहिल्याच्या अंगावर खांद्या-मांड्यांतून घेतलेला पट्टा असता, तर कोणाला उतरावेच लागले नसते; वरून ओढला असता. साधा कापडी मास्क तिथे निरुपयोगी आहे, कारण प्राणवायूच नसेल तर मास्क काय गाळणार? लांब नळीतून बाहेरची हवा द्यावी लागते, कारण पाठीवर सिलिंडर बांधलेला माणूस दोन फुटांच्या तोंडातून धड उतरू शकत नाही. हे मी मित्राला सांगितले. तो म्हणाला, 'हे तू कवितेच्या मासिकात लिहिणार?' मी म्हटले, इथेच लिहिणार. सुरक्षित साधनांची पुरी किंमत मोजावी लागली की माणूस उतरवणे यंत्रापेक्षा महाग पडते. आणि महाग पडले की यंत्र येते. फुकटात मरणारा माणूस उपलब्ध आहे तोवर यंत्र गोदामात राहते. २०१८ पासून केरळात मॅनहोल साफ करणारे यंत्र आहे. तंत्र नाही म्हणून माणूस मरतो, हे आता कोणी सांगू नये.

नोव्हेंबर २०२३ मध्ये एक गोष्ट घडली. उत्तराखंडात सिल्क्याराच्या बोगद्यात १२ तारखेला ४१ मजूर अडकले. परदेशी बनावटीचे ऑगर यंत्र ढिगाऱ्यातल्या लोखंडात अडकून मोडले. शेवटचे दहा-बारा मीटर उरले. तेव्हा दिल्लीकडून बारा माणसे आणली गेली. 'रॅट होल' कामगार, म्हणजे उंदराच्या बिळासारखे खणणारे. ही पद्धत राष्ट्रीय हरित लवादाने मेघालयातील कोळशासाठी २०१४ मध्ये बंद केली होती. हे लोक एरवी शहरांत पाण्याच्या व सांडपाण्याच्या नळांसाठी जमिनीखाली वाट खणतात. त्यांत मुसलमान होते, दलित होते. तीन फुटांहूनही कमी रुंदीच्या नळात शिरून, एकाने खणायचे, दुसऱ्याने डबर गोळा करायचे, तिसऱ्याने ढकलगाडीवर चढवायचे, पाळी-पाळीने, हाताच्या अवजारांनी त्यांनी ती वाट पाडली. २८ नोव्हेंबरला एकेचाळीसही बाहेर आले.

त्या दोन दिवसांत वृत्तपत्रांनी जे गद्य लिहिले ते मी कापून ठेवले आहे. नळाचा व्यास, खणणाऱ्याची बसण्याची ढब, पाळी किती वेळाची, हवा कशी पोचवली, डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून काय केले. ऑर्वेलनंतर मी पहिल्यांदाच अरुंद जागेतल्या कामाचे इतके तपशीलवार आणि आदराचे वर्णन वाचत होतो, आणि तेही अशा वृत्तपत्रांत जी एरवी गटारातल्या मृत्यूला चार ओळी देतात. तेच हात, तेच शरीर, तशीच जागा. तिथे ते वीर झाले कारण पलीकडे वाचवायची माणसे होती आणि देश दूरदर्शनसमोर बसला होता. हीच माणसे पुढच्या आठवड्यात एखाद्या वस्तीखाली नळ सरकवत असतील तेव्हा त्यांच्या पाळीची वेळ कोण मोजणार होते?

समीक्षकाने मोजावी, असे मला म्हणायचे आहे. एखाद्या कथेत माणूस ठेंगण्या जागेत शिरला तर त्याची 'व्यथा' सांगण्याआधी विचारावे: जागा किती उंच? हवा कोठून येते? वर कोण उभे आहे? बाहेर येण्याची वाट आली तीच की दुसरी? गुडघ्याखाली काय आहे? वाकण्याचे पैसे मिळतात का? हे प्रश्न अवाङ्मयीन वाटतील. अण्णाभाऊंच्या कथेला ते लावले तर तिचा कणा दिसतो, 'कोर्ट'ला लावले तर साक्ष ऐकू येते. आणि पुष्कळशा गाजलेल्या कवितांना लावले तर त्यांत गटार नुसते विशेषण म्हणून वापरलेले आढळेल. तेही स्पष्ट बोलले पाहिजे.

यंदा आमच्या पदव्युत्तर वर्गातल्या सहा जणांना मी या कामाचे शब्द गोळा करायला सांगितले. एका मुलीने वडिलांना विचारून दोन पाने भरून आणली. 'हवा बघणे', 'तोंड मोकळे ठेवणे', 'दोर बोलणे' म्हणजे दोराच्या हिसक्यांनी वर निरोप देणे: एक हिसका थांबा, दोन सोडा, तीन ओढा. शब्दांपुढे तिने अर्थ लिहिले आहेत आणि अर्थांपुढे कोणत्या सालात कोणाकडून शिकले तेही. काही ठिकाणी शिकवणाऱ्याच्या नावापुढे वडिलांनी 'आतच गेला' असे सांगितलेले तिने तसेच नोंदवले आहे. ही पाने आणि माझ्या चुलत्यांचे कथन, त्यांच्याच भाषेत, मोजमापांसह, मी संपादकांकडे दिले आहे. कथा-कवितांच्या शेजारी, वेगळ्या चौकटीत न टाकता, ते छापावे एवढीच विनंती आहे.